पाणी बिलाचा खोटा मेसेज आणि गल्लीतले कॅमेरे, स्मार्ट सिटी सांभाळतंय कोण?

वडगावकर84:
नमस्कार मंडळी. गेल्या आठवड्यात बाबांना मेसेज आला, पाणी बिल थकलंय, आज रात्री नळ तोडणार, खाली एक फाईल. मेसेज कन्नड आणि इंग्लिशमध्ये, बाबांना फक्त मराठी वाचायला येतंय, म्हणून शेजारच्या पोराकडनं वाचून घेतलं, त्यानं भल्यासाठीच फाईल उघडली, ती निघाली एपीके, म्हणजे फोनमध्ये अ‍ॅप घालणारी फाईल. 18 हजार गेले. खरं बिलपण कन्नडमध्येच येतंय हो, मग खोटं त्यांनी ओळखायचं कसं? 2016 ला पहिल्या 20 स्मार्ट सिटीत बेळगाव आलं, कॅमेरे आले, सगळं एका जागेवरनं बघणारं कमांड सेंटर आलं, पण हेच कोणी बाहेरनं ताब्यात घेतलं तर काय? जाणकारांनी सांगा, मनापासनं विचारूलोय.

शहापूर_कॅमेरा:
मी कॅमेरे बसवायचं काम करतो. हॅकर लई हुशार असावा लागत नाही, बॉक्समधनं आलेला पासवर्ड तसाच सोडला की काम झालं. 2016 मध्ये मिराई नावाचं व्हायरस असंच पसरलं, 60 च्या वर ठरलेले युजरनेम-पासवर्ड लावून बघायचं आणि कॅमेरे, डीव्हीआर (रेकॉर्डिंगचा डबा), राऊटर ताब्यात घ्यायचं. त्या ऑक्टोबरमध्ये अशा ताब्यातल्या यंत्रांनी एकदम मारा केला आणि अमेरिकेत ट्विटर, नेटफ्लिक्ससारख्या साइट कित्येक तास बंद पडल्या. खडेबाजारात दुकानदाराला म्हटलं पासवर्ड बदला, तर म्हणतात तुम्हीच ठेवा की! माझ्याकडं पन्नास दुकानांचे पासवर्ड असणं हाच धोका आहे, मला स्वतःला ते बरोबर वाटत नाही, आता मी त्यांच्यासमोरच बदलून वहीत लिहून देतो.

खानापूरची_पुण्यात:
काकांचं वाचून वाईट वाटलं. ते एपीके फोनमधले एसएमएस वाचतं, ओटीपी परस्पर पुढं जातो, म्हणून तुम्ही कोणाला काही सांगितलं नाही तरी पैसे जातात. फोन रिसेट करा, आणि 1930 ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, लगेच फोन करायचा असतो, पैसे पुढच्या खात्यात जायच्या आधी अडवता येतात.
शहराचं म्हणाल तर पिंपरी-चिंचवड स्मार्ट सिटीच्या सर्व्हरवर 2021 मध्ये रॅन्समवेअर, म्हणजे फाईली कुलूपबंद करून खंडणी मागणारं व्हायरस, आलं होतं, म्हणजे हे लांबचं नाही. 2017 ला अमेरिकेतल्या डॅलसमध्ये मध्यरात्री धोक्याचा इशारा देणारे 156 भोंगे एकदम वाजले, नुसत्या रेडिओ सिग्नलनं, कॉम्प्युटरला हातपण लावला नव्हता. म्हणून पाण्याचे पंप, सिग्नल, कॅमेरे एकाच नेटवर्कवर नकोत आणि बॅकअप वेगळा, नेटपासनं तोडलेला पाहिजे. नगरसेवकाला एवढंच विचारा, देखभालीचं कंत्राट संपल्यावर अपडेट कोण टाकणार? यंत्र दहा वर्षं खांबावर राहतं, कंत्राट त्याच्या आधीच संपतं. हल्ला झाला तर 2022 पासनं 6 तासांत सर्ट-इनला, म्हणजे केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेला, कळवायचं बंधन आहे, ते कोण कळवणार हेपण विचारा.

अनगोळची_काकू:
भाषेचं कोणी बोलंना म्हणून लिहिते. आमच्या गल्लीत निम्म्या बायका मेसेज दुसऱ्याकडनं वाचून घेतात, ओटीपीपण त्यालाच सांगतात, दुसरा इलाजच नाही. बिलाचा मेसेज मराठीतपण यावा म्हणून लेखी मागणी करूया, सही मी पहिली करते.

वडगावकर84:
1930 ला आम्ही दोन दिवसांनी केला, उशीर झाला. काकू, अर्जाचा मसुदा आज रात्री टाकतो. त्यात कंत्राटाचा प्रश्नपण घालतो, शहापूरवाल्यांनी पासवर्डच्या दोन ओळी लिहून द्याव्या.