मेथोट्रेक्सेट चालू आहे आणि ताप आलाय, उद्याची गोळी घेऊ का?

सोरायसिसला अकरा वर्षं झाली. मलमं झाली, लाइट थेरपी झाली, आता मेथोट्रेक्सेट. दर रविवारी १० मिग्रॅ, बाकीच्या दिवशी फॉलिक ॲसिड. तीनच आठवडे झालेत. कोपरावरचे चट्टे आहेत तसेच आहेत, पण सकाळी चादरीवर पडणारा भुसा कमी झालाय. आज घसा धरलाय, ताप १०१. उद्या गोळीचा वार. बायको म्हणते, चुकवलीत तर सगळं परत उसळेल. काय करू?

उत्तर १
गोळी बाजूला ठेवा आणि आजच डॉक्टरांना फोन करा. एक आठवडा हुकला म्हणून अंग लगेच भरून येत नाही. मी सहा वर्षं घेतोय, दोनतीनदा डॉक्टरांनीच थांबवायला सांगितलं.

घशासाठी दुसरीकडे दाखवलंत तर मेथोट्रेक्सेटचं नाव आधी सांगा. माझ्या लघवीच्या इन्फेक्शनवर एका डॉक्टरने को-ट्रायमॉक्साझोल हे अँटिबायोटिक लिहून दिलं होतं. मेडिकलवाल्याने सहज विचारलं, "अजून काय चालू आहे?" आणि गोळ्या परत आत ठेवल्या. दोन्ही औषधं शरीरातल्या फोलेटवरच, म्हणजे फॉलिक ॲसिडच्या जीवनसत्त्वावरच, घाला घालतात, रक्तपेशी पार खाली जाऊ शकतात. तेव्हापासून पाकिटात चिठ्ठी असते. आणि हो, स्ट्रिपवर मार्करने 'फक्त रविवार' लिहा. ही गोळी चुकून रोज घेतल्याने माणसं दगावली आहेत.

उत्तर २
तोंड आलंय का ते आरशात बघा. आपण उष्णता म्हणून सोडून देतो, मीही दिलं होतं. जिभेच्या कडेला दोन पांढरे फोड, पाणीही झोंबायचं. सीबीसी, म्हणजे रक्तपेशी मोजायची तपासणी, केली तर पांढऱ्या पेशी उतरलेल्या. कोरडा खोकला आणि दम लागत असेल तर फोनवर थांबू नका, थेट दाखवा. तापाला पॅरासिटामॉल चालतं, आयब्रुफेन मनाने घेऊ नका. दारू घेत असाल तर लिव्हरसाठी तीही बंद. लस घ्यायची वेळ आली तर जिवंत (कमजोर केलेल्या जिवंत जंतूंची) लस आहे का ते विचारा, फ्लूची टोचायची लस चालते.

प्रश्नकर्ता
फोन केला. उद्याची गोळी नाही, सकाळी सीबीसी. तोंडात बॅटरी मारून बघितलं, गालाच्या आत एक फोड आहे. मला वाटलं होतं दाताने चावला गेला. परत फोन लावतोय.