चीनमधल्या जुन्या राजपरीक्षा आणि आपली पीएससी, खरंच काही संबंध आहे का?

राजवाड्याची मावशी
नमस्कार, आमच्या भाच्याचा पीएससीचा हा चौथा अटेम्प्ट आहे, इंदूरला भंवरकुआंला खोली घेऊन राहतो, रविवारी जेवायला आमच्याकडे येतो. काल जेवता जेवता म्हणाला, मावशी ही कॉम्पिटिशनची परीक्षा मुळात चीनची, इंग्रजांनी तिथनं उचलली. आमचे हे म्हणाले छे, इंग्रजांचीच आहे. कुणाला नीट माहीत असेल तर सांगा ना. आणि तिथे नापास व्हायचे त्यांचं पुढे काय व्हायचं, मला खरं तर तेच जाणून घ्यायचंय.

इतिहासवाले काका
ताई, भाचा बराचसा बरोबर आहे. चीनमध्ये सुई घराण्याच्या काळात, म्हणजे इ.स. 600च्या आसपास हे सुरू झालं आणि 1905 साली बंद केलं, साधारण 1300 वर्षं. आधी जिल्हा, मग प्रांत, मग राजधानी आणि शेवटी खुद्द राजवाड्यात. मला सगळ्यात भारी वाटते ती सोंग घराण्याच्या काळातली व्यवस्था, पेपरवरचं नाव झाकायचे, आणि अक्षरावरून कुणी ओळखू नये म्हणून कारकून अख्खा पेपर पुन्हा उतरवून काढायचे, परीक्षकाच्या हातात ती नक्कल जायची. म्हणजे कुणाचा मुलगा आहे ते कळूच द्यायचं नाही! हजार वर्षांपूर्वी हे सुचलं, आजही आपण रोल नंबरवर तेच करतोय.
बाकी सगळं चांगलं होतं असं नाही. बायकांना बसायलाच मिळायचं नाही, आणि मिंग-चिंग या शेवटच्या दोन घराण्यांच्या काळात ठराविक आठ भागांच्या साच्यातच निबंध लिहावा लागायचा, त्यात पोरांची वर्षंच्या वर्षं गेली.

तिसरा अटेम्प्ट
नानजिंगला प्रांताच्या परीक्षेसाठी 20 हजारांहून जास्त कोठड्या होत्या, आता तिथे म्युझियम आहे. कोठडीला दार नाही, नुसत्या फळ्या, त्याच बसायला, त्याच लिहायला, रात्री त्याच जोडून झोपायचं. जेवण, भांडं, अंथरूण सगळं घरून न्यायचं आणि असे तीन दिवसांचे तीन फेरे. मी हे वाचलं त्या रात्री झोपच नाही आली, कारण माझी खोली पण तेवढीशीच आहे आणि डबा आईच देते.

हायकोर्टवाली
काका, इंग्रजांचं जरा जपून बोलायला हवं. ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकऱ्या आधी डायरेक्टरच्या शिफारशीवर मिळायच्या, ते 1853च्या कायद्याने बंद झालं आणि 1855 साली लंडनला पहिली खुली परीक्षा झाली. चीनचं उदाहरण तेव्हा तिकडच्या लोकांसमोर होतं, चर्चा पण होत होती, पण त्यांच्या युनिव्हर्सिटीतल्या परीक्षाही होत्याच की, त्यामुळे सरळ नक्कल म्हणणं मला पटत नाही. आणि आपल्याला काय मिळालं, तर परीक्षा लंडनमध्ये! सत्येंद्रनाथ टागोर, आपल्यातले पहिले, 1863 साली पास झाले ते समुद्र ओलांडून. इकडे अलाहाबादला परीक्षा व्हायला 1922 उजाडलं. खुली म्हणायची आणि दाराशी पोचूच द्यायचं नाही, याचा मला अजूनही राग येतो.

इतिहासवाले काका
मान्य, नक्कल म्हणणं जास्तच होईल.
ताई, तुमचा दुसरा प्रश्न राहिला. बहुतेक जण गावात मास्तर व्हायचे, कुणी वैद्य, कुणी लोकांची पत्रं-अर्ज लिहून द्यायचे. वयाची अट नव्हती, त्यामुळे म्हातारपणापर्यंत बसणारेही होते. हाँग शिउच्युआन नावाचा एक मास्तर पहिल्याच पायरीवर चारदा नापास झाला, तिसऱ्यांदा नापास झाल्यावर आजारी पडला आणि त्याला दृष्टांत व्हायला लागले. पुढे त्याने बादशहाविरुद्ध ताइपिंग बंड उभं केलं, 1864 पर्यंत चाललं, दोन कोटींच्या आसपास माणसं मेली असं मानतात. आणि नानजिंग जिंकल्यावर त्याने काय केलं असेल? स्वतःची परीक्षा सुरू केली.

राजवाड्याची मावशी
बाई गं! भाच्याला फोनवर सगळं वाचून दाखवलं, ते पेपर उतरवून काढायचं त्याला फार आवडलं, दोनदा विचारलं. मी त्याला म्हटलं, निकाल काही लागो, रविवारी ये. काका, एक राहिलं, दार नाही म्हणता, मग पाऊस आला की पेपर भिजायचा नाही का?

इतिहासवाले काका
समोर लावायला पडदा न्यायचे ताई, तोही घरूनच.