बाबा शेवटच्या टप्प्यात आहेत. १४ वर्षांनी भेटायला जावं का?

कोराकागद (धागाकर्ती)

सरळ मुद्द्यावर येते. आईबाबांच्या घटस्फोटात मी आईच्या बाजूने साक्ष दिली. जे डोळ्यांनी पाहिलं तेवढंच सांगितलं. बाहेर पडताना कोर्टाच्या जिन्यात बाबा वकिलांना म्हणाले, "मला एकच मुलगा आहे." मी दोन पायऱ्या मागे होते. तेव्हापासून १४ वर्षं बोलणं बंद. पहिल्या वर्षी मी तीन पत्रं पाठवली. एक न फोडताच परत आलं, बाकीच्या दोनांचं काय झालं कोण जाणे. मग मीही नाद सोडला.

आता त्यांना स्वादुपिंडाचा कॅन्सर आहे, यकृतापर्यंत पसरलाय. केमो थांबवली, फक्त दुखू नये म्हणून औषधं देतायत. डॉक्टर म्हणाले काही आठवडे. परवा दादाचा फोन आला, "बाबा तुझं नाव घेतात, ये." आई म्हणते तुझं तू ठरव. (संसार तिचा मोडला, पण या सगळ्यात शांत तीच आहे.) नवरा म्हणतो जाऊन ये, नाहीतर जन्मभर मनाला लागून राहील. मला जावंसं वाटत नाही, आणि वाटत नाही याचंच वाईट वाटतंय. काय करू? गोड गोड नको, खरं लिहा.

सरळरेघ

जा. यात धागा काढण्यासारखं काय आहे? जन्मदाता माणूस चाललाय. हिशोब जिवंतपणी मिटवावेत, नंतर भिंतीशी भांडावं लागतं.

दुसरीबाजू

@सरळरेघ, हिशोब मिटवायला १४ वर्षं होती की. तेव्हा ते ठणठणीत होते, फोन लावायला बोटं दुखत नव्हती. आता मरण दारात आलं म्हणून चूक कोणाची हा प्रश्नच पुसून टाकायचा?

मी गेलो होतो असाच. वडिलांशी ९ वर्षं अबोला होता. काकांनी रडून रडून बोलावलं. रात्रभर प्रवास करून पोचलो, खोलीत सात-आठ नातेवाईक होते. वडिलांनी डोळे उघडले, मला ओळखलं आणि म्हणाले, "हिस्सा मागायला आलास?" कोणी काही बोललं नाही. एका मावशीने तेवढं माझ्या हातात पाण्याचा ग्लास दिला. तिसऱ्या दिवशी ते गेले. त्यांच्या तोंडून मी ऐकलेलं शेवटचं वाक्य ते. न गेल्याची चुटपुट लागली असती, मान्य. पण ती माझ्या मर्जीने लागली असती. हे वाक्य मी तिकीट काढून आणलंय.

सरळरेघ

वाईट झालं तुमच्यासोबत, खरंच. पण सगळे बाप तसं बोलत नाहीत. आयरा बायॉक नावाचे अमेरिकन डॉक्टर आहेत, आयुष्य मरणाऱ्या माणसांसोबत काम करण्यात गेलं. ते चार वाक्यं सांगतात: मला माफ कर, मी तुला माफ केलं, आभार, माझं तुझ्यावर प्रेम आहे. दोघांपैकी कोणीतरी सुरुवात करायची, बस. ताईंनी करावी.

दुसरीबाजू

पहिलं वाक्य कोणाचं, ते आधी ठरवा. साक्ष खरी दिली म्हणून लेकीने माफी मागायची? आणि दुसरं वाक्य म्हणायला समोरच्याने काहीतरी कबूल तर केलेलं असावं. चारही वाक्यं एकटीनेच म्हणायची असतील तर आरशासमोर म्हटलेली काय वाईट.

चष्मा

एक साधा प्रश्न. "नाव घेतात" म्हणजे नेमकं काय? "तिला बोलवा" म्हणाले? झोपेत नाव आलं? की दादाला एकट्याला झेपत नाहीये म्हणून दादा घेतोय तुमचं नाव? तिन्हींचं उत्तर वेगळं आहे. आमच्याकडे आजोबांच्या वेळी "सारखी आठवण काढतात" असं आत्याने सगळ्यांना कळवलं होतं. आजोबा प्रत्यक्षात फक्त रेडिओ मागत होते.

रातपाळी

शेवटच्या टप्प्यातल्या रुग्णांची नर्स आहे, बहुतेक रात्रीच काम. जावं की नाही हे मी सांगणार नाही. पण जायचं असेल तर 'आठवडे' हा शब्द ऐकून निवांत राहू नका. माणूस असणं आणि बोलण्याइतका शुद्धीत असणं या वेगळ्या गोष्टी आहेत. यकृत बिघडलेलं असलं की झोप वाढते, भ्रम होतो. ज्या मुलाची वाट पाहिली त्यालाच भाऊ समजून बोलणारे पाहिलेत. काहीजण तर नुसते गप्प पडून असतात, घरच्यांना वाटतं शांत झालेत, आत मात्र गोंधळ चालू असतो. अशा अवस्थेत कोणी कडू बोललं तर तो खरा राग की आजार, हे आम्हालाही दर वेळी सांगता येत नाही. @दुसरीबाजू, हे तुमच्या वडिलांबद्दल म्हणत नाहीये. मला माहीत नाही.

दादाला विचारा, दिवसातला बरा वेळ कोणता. दुखण्याचं औषध लागू पडलेलं असेल आणि झापड नसेल अशी वेळ साधा. नातेवाईकांना बाहेर बसवा, हे सगळ्यात महत्त्वाचं. प्रेक्षक असले की माणूस जुनीच भूमिका वठवतो. दहा-पंधरा मिनिटं पुरे. खुर्ची घेऊन त्यांच्या डोळ्यांच्या पातळीला बसा. कातडी पिवळी पडलेली असेल, अंगावर मांस नसेल. दारातून आधी बघून घ्या, म्हणजे चेहऱ्यावरचा धक्का त्यांना दिसणार नाही.

अजून एक. मोठी कबुली फार क्वचित येते. तेवढा दमच उरलेला नसतो.

आकडेमोड

ताई, तुम्हाला वाटतं तेवढ्या एकट्या नाही आहात. कार्ल पिलमर यांनी अमेरिकेत १,३०० हून अधिक प्रौढांची पाहणी केली होती (२०२० साली प्रसिद्ध झाली). २७ टक्के लोकांनी सांगितलं की कुटुंबातल्या कोणाशी तरी संबंध तुटलेत. बाकी लोक घरची गोष्ट बाहेर बोलत नाहीत, इतकंच.

आणि बेशुद्धीतही ऐकू येतं म्हणतात. गेल्यावर उशीर झालेला असला तरी बोला.

रातपाळी

@आकडेमोड, ते थोडं जपून. ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठाचा २०२० चा अभ्यास आहे, मोजक्या रुग्णांवरचा. प्रतिसाद न देणाऱ्या काहींच्या मेंदूत आवाजाची नोंद होत होती. ऐकलेलं त्यांना समजत होतं का, हे त्यातून कळत नाही. मी स्वतः मात्र प्रत्येकाशी बोलते, कूस बदलतानासुद्धा.

मीच_धाकटी

आईचं आणि माझं १२ वर्षं पटलं नाही. कारण इथे लिहीत नाही, लिहिलं तर धागा भरकटेल. शेवटच्या महिन्यात गेले. मीही मनात भाषण तयार करून गेले होते. ती माझ्याकडे बघेना. चादरीवर हात पडले होते, नखं वाढून एक वाकडं झालेलं, चादरीच्या धाग्यात अडकत होतं. मी नेलकटर शोधून कापायला बसले. पाच बोटं झाल्यावर ती म्हणाली, "अंगठ्याचं जपून, तिथे कुरूप आहे." दुसरा हात तिने स्वतः पुढे केला.

लोक याला समेट म्हणतात. मी म्हणत नाही. तिने माफी मागितली नाही, मी दिली नाही, आणि जे झालं त्याचा राग मला आजही येतो. पण तो हात तिने पुढे केला होता. एवढं माझ्याकडे आहे.

सरळरेघ

हेच तर मी म्हणत होतो!

मीच_धाकटी

नाही हो. तुम्ही म्हणत होता, जा आणि मिटवा. माझं काही मिटलं नाही. भेटणं वेगळं, माफ करणं वेगळं, आणि पुन्हा नातं जोडणं आणखी वेगळं. तुम्ही तिन्हींची एक मोळी बांधून ताईंच्या डोक्यावर देताय.

दुसरीबाजू

+१. या धाग्यावरचं पहिलं पटलेलं वाक्य.

कोराकागद (धागाकर्ती)

सगळ्यांचं वाचलं, काही प्रतिसाद दोनदा. @चष्मा, तुमचा प्रश्न दादाला जसाच्या तसा विचारला. आधी चिडला. मग म्हणाला, रात्री औषध देताना बाबांनी विचारलं, "तिला कळवलंय का?" दादाने विचारलं बोलावू का, तर भिंतीकडे तोंड केलं. हो म्हणाले नाहीत, नाहीही म्हणाले नाहीत. म्हणजे "ये" हा शब्द दादाचा.

दादाशी पहिल्यांदाच नीट बोलले. चार महिने तो एकटा उठबस करतोय आणि मी ते धरलंच नव्हतं हिशोबात. सकाळी दहाच्या आसपास त्यांना बरं असतं म्हणे. उद्या जातेय. खोलीत दुसरं कोणी नको, दादाने कबूल केलंय. माफ करायला जात नाहीये. साक्षीचा विषय त्यांनी काढला तर तेव्हा सांगितलं तेच सांगेन. नाही काढला तर मीही काढणार नाही. नवऱ्याला गाडीतच थांबायला सांगितलंय, म्हणजे नको वाटलं तर पाच मिनिटांत निघता येईल.

दुसरीबाजू

मी असतो तर गेलो नसतो, अजूनही हेच म्हणेन. गाडीचं तोंड रस्त्याकडे करून ठेवायला सांगा. पोचलात की लिहा.