सत इसबगोल घेऊन पोट आणखी गच्च, चुकतंय कुठे?

खडीसाखर: बद्धकोष्ठासाठी रात्री एक मोठा चमचा इसबगोल, अर्धा कप कोमट पाण्यातून. आठवड्यात पोट साफ व्हायचं सोडून गॅसच वाढला. सकाळी थायरॉईडची गोळी असते, तिचं काय?

खलबत्ता: पाणी कमी पडतंय. हा भुसा वजनाच्या कितीतरी पट पाणी धरतो, ते नसेल तर मळ घट्टच राहतो. सपाट लहान चमच्याने सुरुवात करा, 250 मिली पाण्यात ढवळून लगेच प्या. दोन मिनिटं ठेवलंत की पेल्यात चिकट खळ तयार, घशाखाली उतरत नाही. वर अजून अर्धा पेला पाणी. चार-पाच दिवसांनी हळूहळू वाढवा. एकदम मोठा चमचा घेतल्यानेच गॅस धरतो. आणि कोरडा कधीच फाकू नका, घशात फुगून अडकतो. गुण यायला 12 ते 72 तास लागतात, एका रात्रीत नाही.

मेतकूट: गोळीत आणि इसबगोलात चार तासांचं अंतर हवं, म्हणजे तुमची वेळ बरोबर आहे. फक्त घेतल्या घेतल्या आडवं होऊ नका. मधुमेह असेल तर संत्र्याच्या चवीचं पाकीट घेताना साखर बघा.

खडीसाखर: दह्यात कालवून चालेल?

खलबत्ता: ते जुलाबावर देतात. तुम्ही पाण्यातूनच घ्या. शौचातून रक्त, उलट्या, गिळायला त्रास किंवा वजन उतरणं यांपैकी काही असेल तर चमचा बाजूला ठेवून आधी डॉक्टर.