शब्दचर्चा : टकीला, रेपोसादो आणि आपलं घायपात

प्रश्न : मेहुण्यांनी परदेशातून टकीलाची बाटली आणली. तिच्यावर 'रेपोसादो' आणि '१००% आगावे' असं लिहिलंय. या शब्दांचे अर्थ काय? मराठीत कुणी टकीला लिहितं, कुणी टेकिला. मूळ शब्द कोणता?

उत्तर : मूळ शब्द एका गावाचं नाव आहे. मेक्सिकोतल्या हालिस्को राज्यात तेकीला नावाचं गाव आहे. जशी पैठणची पैठणी, तशी तेकीलाची तेकीला. पूर्वी या पेयाला लांबलचक नाव होतं, 'विनो मेस्काल दे तेकीला', म्हणजे तेकीला गावचं मेस्काल मद्य. पुढची विशेषणं गळाली आणि गाव तेवढं उरलं.

गावाचं नाव स्पॅनिश नाही, त्याआधीच्या नाव्हात्ल भाषेतलं आहे. शेवटचा भाग '-त्लान' म्हणजे ठिकाण, आपल्या '-वाडी'सारखा. पहिल्या भागाचे दोन अर्थ लावतात : 'तेकित्ल' म्हणजे काम किंवा खंडणी, आणि 'तेकी' म्हणजे कापणं. पहिला जास्त प्रचलित आहे. 'मेस्काल'ही त्याच भाषेतला : 'मेत्ल' म्हणजे आगावेचं झाड आणि 'इश्काली' म्हणजे भाजलेलं. पदार्थाची कृतीच नावात आली आहे.

कारण हे मद्य फळाचं नाही, धान्याचं नाही. निळ्या आगावेचं झाड सहा-सात वर्षं वाढवतात. मग 'हिमादोर' लांब दांड्याच्या गोल पात्याने पानं छाटून गाभा मोकळा करतो. हिमादोर हा शब्द नाव्हात्लमधल्या 'शिमा' या क्रियापदावरून आला, अर्थ तासणं. मराठीत याहून चपखल शब्द नाही : तो झाड तासतो. उरलेला गाभा अननसासारखा दिसतो म्हणून त्याला 'पीन्या', म्हणजे अननसच म्हणतात. तो भट्टीत भाजला की गोड होतो. मग पिळून रस आंबवायचा आणि ऊर्ध्वपातन करायचं.

'१००% आगावे' म्हणजे सगळी साखर आगावेचीच. हे शब्द बाटलीवर नसतील तर आगावेची साखर निदान ५१% असावी लागते, बाकीची उसाची वगैरे चालते. हा फरक मोठा आहे, म्हणून मेहुण्यांनी बाटली पारखून आणली आहे असं मी म्हणेन.

आता रेपोसादो. 'रेपोसार' म्हणजे विसावणं. ओकच्या पिंपात किमान दोन महिने ठेवलेली ती रेपोसादो, विसावलेली. न मुरवता भरलेली ती ब्लांको, पांढरी. वर्षभर किंवा जास्त ठेवलेली आन्येहो, आणि हा शब्द मला फार आवडतो. त्याचं लॅटिन मूळ 'वर्षाचं' असं आहे आणि नियमही नेमका वर्षाचाच. मराठीत मी तिला 'मुरलेली' म्हणेन, लोणचं मुरतं तशी. तीन वर्षांवरच्या 'एक्स्ट्रा आन्येहो'ला २००६ साली वेगळा वर्ग मिळाला. 'ओरो' म्हणजे सोनेरी, पण या रंगावर भुलू नका : तो पुष्कळदा कॅरमेलचा असतो, पिंपाचा नसतो.

लेखनाचं म्हणाल तर स्पॅनिश उच्चार 'तेकीला', दंत्य त. 'ट' इंग्रजीतून आला. पोर्तुगिजांकडून थेट आलेल्या पिस्तूल, मेस्त्री या शब्दांत त टिकला (बटाट्यात मात्र टिकला नाही). टकीला रूढ झालंय, ते चुकीचं ठरवू नये.

प्रश्न : दादा, मग टकीला 'घेतला' की 'घेतली'? आणि हे झाड निवडुंग ना?

उत्तर : ताई, निवडुंग नाही. आगावे शतावरीच्या कुळातलं. स्पॅनिशमध्ये टकीला पुल्लिंगी आहे, पण मराठीत मला 'घेतली'च बरोबर वाटतं, मनात 'दारू' असतेच.

आणखी एक प्रतिसाद : आगावे आपल्याला परकं नाही. बांधावर लावतात ते केकताड किंवा घायपात हे त्याचंच भावंड, तेही मूळचं अमेरिकेतलं. आमच्या गावी त्याची पानं कुजवून वाख काढायचे आणि त्याचे दोर वळायचे. माझ्या हातात अजून त्या वाखाची खरखर आहे. टकीलाच्या माहितीत 'घायपात' हा शब्द कुणी वापरत नाही, 'ॲगेव्ह' लिहून मोकळे होतात, याचं वाईट वाटतं.

उत्तर : अगदी खरं, आणि मीही वर 'आगावे'च लिहिलं. दख्खनच्या घायपातापासून आता भारतातही मद्य काढतात. त्याला टकीला म्हणता येत नाही, कारण १९७४ पासून ते नाव हालिस्को आणि मेक्सिकोतल्याच आणखी चार राज्यांतल्या ठरावीक भागांसाठी राखीव आहे, जशी काजूची फेणी २००९ पासून गोव्याची. पण नाव शोधत बसायला नको. आपण मोहाची म्हणतो, काजूची म्हणतो, तशी ही घायपाताची. लिंगाचा प्रश्नही त्यातच सुटला.