लग्न थांबवलं, पुढे त्या पोरीकडे कोण पाहणार?

काळी माती
गेल्या उन्हाळ्यात आमच्या गावात (यवतमाळ जिल्हा, नाव मुद्दाम देत नाही) आठवी झालेल्या मुलीचं लग्न ठरलं. हळदीच्या दिवशी कोणीतरी १०९८ या मुलांसाठीच्या हेल्पलाइनवर फोन लावला. दुसऱ्या दिवशी सकाळी ग्रामसेवक, पोलीस आणि जिल्ह्यावरून आलेल्या एक मॅडम मांडवात हजर. बापाकडून हमीपत्र लिहून घेतलं, मांडव उतरला. आम्हाला वाटलं, पोर वाचली. दिवाळीनंतर कळलं, तिला मामाच्या गावी नेऊन लग्न लावून दिलं. मधल्या सहा महिन्यांत तिच्या घरी विचारपूस करायला कोणीही गेलं नव्हतं. मीही गेलो नाही. ते अजून टोचतं.

लग्न थांबवायला यंत्रणा आहे, थांबवल्यानंतर कोणी नाही. मिशन वात्सल्य या केंद्राच्या बाल संरक्षण योजनेच्या रचनेत जिल्हा बाल संरक्षण कक्षाला सामाजिक कार्यकर्ते दोन आणि समुपदेशक एक. आपल्या जिल्ह्यात तालुके १६. उमरखेडकडचं गाव असेल तर यवतमाळ शंभरावर किलोमीटर. त्या दोघांनी कितीही जीव तोडून काम केलं तरी एका घरी दुसऱ्यांदा जाणं होईल का?

माझी मागणी साधी आहे. दर तालुक्याला पंचायत समितीत बसणारा एक पगारी, पूर्णवेळ माणूस द्या. संरक्षणाची गरज असलेल्या मुलांबाबत निर्णय घेणाऱ्या बाल कल्याण समितीला कायद्यानं महिन्यात किमान २० दिवस बसावं लागतं, त्यातला एक दिवस तालुक्याला बसा. आणि गावची बाल संरक्षण समिती जागी करा.

वऱ्हाडी गडी
मले नाही पटलं. एक माणूस वाढवून काय होते? आमच्या गावची शाळा सातवीपर्यंत. हायस्कूल नऊ किलोमीटर. पोरींले शाळेत नेणारी मानव विकासची निळी बस सकाळी येते, संध्याकाळी कधी येते, कधी येतच नाही. पोरीले पास फुकट आहे, पण गाडी नाही त पासाचं काय करता? नाल्याले पूर आला का आठ दिवस घरीच. मायबाप दोघंही कापूस वेचणीले, वयात आलेली पोर घरी एकटी. त्या बापाले भेव वाटते हो. मग तो म्हणते, लगन करून टाकू, जबाबदारी सुटली. त्याच्यापाशी हमीपत्र लिहून घेतल्यानं त्याचं भेव जाते का? संध्याकाळची बस सुरू करा, तालुक्याले मुलींचं वसतिगृह द्या. मांडवात पोलीस पाठवायची पाळीच येणार नाही.

काळी माती
बस पाहिजेच, त्यावर वाद नाही. पण लग्न मोडल्यावर ही मुलगी शाळेतच गेली नाही. गावात नाव झालं म्हणून घरचे पाठवेनात, आणि तिलाही वर्गात जायची लाज वाटायची. दारातून बस गेली असती तरी ती चढली नसती. तिचा हात धरून नववीत नाव घालणारं कोणी हवं होतं.

अंगणवाडीवाली
मी २२ वर्षं सेविका आहे. समिती जागी करा, हे वाक्य वाचून पोटात गोळा आला, कारण तिची सचिव मीच. कायद्यानं बालविवाह प्रतिबंध अधिकारी ग्रामसेवक आणि आम्ही त्यांच्या मदतीला. पण ग्रामसेवकांकडे तीन गावं, राहतात तालुक्याला. गावात राहते मी. फोन कोणी का केला असेना, सगळे माझ्याच दाराकडे बघतात. आमच्याकडे एक लग्न थांबलं, त्यानंतर दोन महिने त्या वस्तीतल्या आयांनी लेकरं अंगणवाडीत पाठवली नाहीत. विहिरीवर माझ्याशी कोणी बोलत नव्हतं. पोषण आहार, वजन-उंची, मोबाइलमधल्या नोंदी हे सगळं मानधनावर करायचं आणि वरून गावाचं वैर घ्यायचं?

आणि समितीचा अध्यक्ष सरपंच. लग्न त्याच्याच चुलतभावाच्या घरचं असलं तर समितीनं काय करावं? बाहेरचा माणूस द्या, मी त्याला घर दाखवीन. पण गुपचूप.

निवृत्त गुरुजी
सेविकाताईंचं दुःख खरं आहे, पण बाहेरचा माणूस आला की गाव मिटून घेतं. धागाकर्त्याच्या गावात तेच झालं. जीप आली, बापाची मान खाली गेली आणि त्यानं मुलगी लपवून दुसऱ्या गावी दिली. मी नोकरीत असताना अशी तीन लग्नं थांबवली, एकही फोन न करता. एका बापाच्या ओसरीवर तर सलग पाच संध्याकाळी जाऊन बसलो. शेवटी तो म्हणाला, गुरुजी, दहावी होऊ द्या. गावातलं गावात सुटतं, फक्त बसायला वेळ लागतो.

शेतकऱ्याची लेक
गुरुजी, तुम्ही पाच संध्याकाळी गेलात, असा माणूस प्रत्येक गावाच्या नशिबी नसतो. आणि लग्नाचं सोडा, लेकरावर कोणी हात टाकला तर? तेही ओसरीवर बसून गावातच मिटवतात, हे मी पाहिलंय. पॉक्सो, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा कायदा, त्याच्या कलम १९ प्रमाणे ज्याला कळलं त्यानं पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. नाही कळवलं तर कलम २१ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. जीपचं म्हणाल, तर मुलाचा जबाब घेताना पोलिसांनी गणवेशात असू नये, हेही त्याच कायद्यात आहे. ते पाळलं जावं म्हणून आपण भांडायला हवं.

मी सातवीत असताना बाबा गेले. कर्ज होतं. तेरवीपर्यंत घर माणसांनी भरलेलं, नंतर अंगणात कुत्रंसुद्धा नाही. अशा मुलांच्या सांभाळासाठी दरमहा पैसे देणाऱ्या सरकारी बालसंगोपन योजनेसाठी आई आम्हा दोघांना घेऊन तीनदा जिल्ह्याला गेली. दर वेळी एक कागद कमी. तीन दिवसांची वेचणी बुडाली, तिकिटाचे पैसे वेगळे. त्या योजनेत आता दरमहा २,२५० रुपये मिळतात, २०२३ च्या आधी १,१०० होते. आईला पैशापेक्षा कागद सांगणारं माणूस हवं होतं.

भाऊ आता १९ चा आहे. दहावीनंतर शाळा सोडली, दिवसभर पानठेल्यावर, तोंडात खर्रा (तंबाखू-सुपारी). १८ पूर्ण झाले म्हणून तो बाल संरक्षणाच्या कोणत्याच यादीत नाही. मी त्याला १४४१६ हा मानसिक आरोग्याचा नंबर दिला. तो म्हणाला, बोलू कुठून, घरात एकच खोली आहे.

म्हणून पगारी माणूस हवाच, पण पंचायत समितीच्या खुर्चीत नको. तालुक्याच्या बाजाराच्या दिवशी बाजाराजवळ बसवा. त्या दिवशी सगळी गावं तिथं येतात आणि कोण कशाला गेलं हे कोणी विचारत नाही.

निवृत्त गुरुजी
अत्याचाराबाबत माझं म्हणणं मागे घेतो. तिथं मिटवणं म्हणजे त्या लेकरावर दुसरा अन्याय. लग्नाबाबत मात्र मत तेच आहे, आधी ओसरी.

वऱ्हाडी गडी
बाजाराचं पटलं बाई. पण माणूस कंत्राटी ठेवला आणि अकरा महिन्यांनी बदलला, त पोरं त्याच्यापाशी मन काहून मोकळं करतीन? नेमा त तीन-चार वर्षं हलवू नका. आणि बस मी सोडत नाही.

काळी माती
२ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत ठराव मांडतो. बाजाराच्या दिवशी बसणारा माणूस, तोही वर्षभरात न बदलणारा. लग्न थांबलं की पहिले सहा महिने दर पंधरा दिवसांनी त्या घरी भेट. आणि तक्रार कोणी केली याची कागदोपत्री कुठेही नोंद नको, सेविकेची तर मुळीच नाही. ताई, हे चालेल ना? गडीभाऊ, बसची मागणीही त्यातच घालतो. संध्याकाळची वेळ कोणती टाकू, पाच?

वऱ्हाडी गडी
साडेपाच टाका. पाचची टाकली त पोरीइचा शेवटचा तास बुडते.