मदत हवी आहे: न्यूमनेरात खेळाडू एफर्ट लावतच नाहीत

मंडळी, आम्ही न्यूमनेरा हा टेबलावर बसून खेळायचा रोलप्लेइंग गेम (२०१३ ची आवृत्ती) सुरू केलाय. मी जीएम (खेळ चालवणारा), खेळाडू चार, सगळे डी अँड डीतून (डंजन्स अँड ड्रॅगन्समधून) आलेले. अब्ज वर्षांनंतरची पृथ्वी, यंत्र की जादू कळू नये असे अवशेष, हे सगळ्यांना जाम आवडलं. गाडी अडते ती नियमांपाशी.

एफर्ट म्हणजे गुण खर्चून काम सोपं करणं. हे गुण ज्या पूलमधून (पात्राच्या गुणसाठ्यातून) जातात त्यातूनच जखमाही वजा होतात, म्हणून कोणी हात सैल सोडत नाही. डिफिकल्टी (कामाची अवघडता) ४ म्हणजे डी-२० वर (वीस बाजूंच्या फाशावर) किमान १२ हवेत. एक पातळी एफर्ट लावला की ९ पुरतात. नॅनोला (जादूगारासारखं पात्र) एजमुळे (खर्चातली सूट) ३ ऐवजी २च गुण पडतात, तरी तो म्हणतो, "स्वतःचं रक्त कशाला जाळू?" सायफरही (एकदाच वापरायची अद्भुत साधनं) लग्नातल्या शालूसारखे जपून ठेवलेत. आणि प्रगतीच्या एका टप्प्याला ४ एक्सपी (अनुभवाचे गुण) लागतात, मग १ एक्सपी देऊन फासा पुन्हा टाकतंय कोण!

हिशेब मांडून दाखवला, पहिली रिकव्हरी (गेलेले गुण परत मिळवणं) एका कृतीत होते हेही सांगितलं, सायफर सढळ हाताने वाटले. फरक शून्य. नव्या आवृत्तीची २०१८ ची पुस्तकं सध्या घ्यायची नाहीत.

ज्यांनी हा खेळ चालवलाय त्यांना विचारतो: फासा पुन्हा टाकायचे एक्सपी प्रगतीच्या एक्सपीपासून वेगळे ठेवले तर पुढे तोल बिघडतो का, की नियम तसेच ठेवून जीएम इंट्रूजन (जीएमने मध्येच अडचण आणून बदल्यात एक्सपी देणं) वाढवणं बरं?